यंत्राचीही ओळख हवी

पूर्वी कचेरीचे टपाल कचेरीतच राहत असे. पत्र लखोट्यातून येई, आवक-बारनिशीत त्याची नोंद होई आणि काम संपले की ते कपाटात कुलूपबंद होई. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने संगणकांच्या जाळ्यातून एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र पाठविले आणि ई-मेलचा जन्म झाला. आता कचेरीचे टपाल कर्मचाऱ्याच्या खिशातील मोबाइलवरच येऊन पोहोचते. सोय मोठी झाली खरी. पण कालचे कुलूपबंद कपाट आज बाजारात आणि आगगाडीतही हिंडू लागले!

या कपाटाला परवलीचा शब्द, म्हणजेच पासवर्ड, हे कुलूप असते. पण तेवढ्याने भागते काय? समजा, एक कारकून अत्यंत प्रामाणिक आहे. आपला परवलीचा शब्द त्याने कोणासही सांगितलेला नाही. परंतु त्याच्या मोबाइलमध्ये एखादा घातक प्रोग्राम लपून बसला असेल, तर टंकलेले प्रत्येक अक्षर तो चोराकडे पोहोचवील. माणूस विश्वासू, पण यंत्र फितूर, अशी ही स्थिती होय.

म्हणून अनेक संस्था टपालाचे दार उघडण्यापूर्वी माणसाबरोबर त्याच्या यंत्राचीही परीक्षा घेतात. यंत्राला कुलूप आहे काय? त्यातील मजकूर सांकेतिक रूपात साठविला जातो काय? त्याची कार्यप्रणाली अद्ययावत आहे काय? निर्मात्याने घातलेली संरक्षक बंधने कोणी तोडली तर नाहीत ना? यंत्रातील एक देखरेख करणारा प्रोग्राम या प्रश्नांची उत्तरे कचेरीच्या संगणकाकडे धाडतो. उत्तरे नियमांस धरून असतील तर टपाल मिळते. नसतील तर काय उणे आहे ते कळविले जाते आणि उणीव दूर होताच दार उघडते. ही परीक्षा एकदाच होऊन संपत नाही. ती वेळोवेळी होत राहते. मोबाइल हरवलाच, तर तो पुन्हा जाळ्याशी जोडला जाताच त्यातील टपाल दूर बसूनही पुसून टाकता येते.

कार्यप्रणाली अद्ययावत असण्यावर एवढा भर कशासाठी, हे २०१७ साली जगाला कळून आले. त्या वर्षीच्या १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा घातक प्रोग्राम सुमारे १५० देशांत पसरला. तो संगणकातील मजकूर बंदिस्त करी आणि सोडविण्यासाठी खंडणी मागे. इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांचे संगणक बंद पडले. रोग्यांना परत जावे लागले, शस्त्रक्रिया लांबणीवर पडल्या. दुःखाची गोष्ट ही, की ज्या छिद्रातून तो शिरत होता ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट कंपनीने मार्च महिन्यातच दिली होती. ज्यांनी ती वेळीच करून घेतली, त्यांच्या संगणकांत त्याला त्या वाटेने शिरता आले नाही.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे म्हणतात. गूगल कंपनी मात्र स्वतःलाच ठेच लागल्यावर शहाणी झाली. आपल्या संगणकव्यवस्थेवर हल्ला झाल्याचे तिला डिसेंबर २००९ मध्ये आढळले. तोवर कचेरीच्या आतील तो आपला आणि बाहेरील तो परका, असा सामान्य समज होता. गूगलने तो सोडला. ‘बियॉन्डकॉर्प’ या तिच्या नव्या पद्धतीत कर्मचारी कचेरीत बसलेला असो वा घरी, त्याची आणि नोंदवहीतील त्याच्या यंत्राची तपासणी सारखीच होऊ लागली.

येथे एक रास्त शंका उद्भवते. मोबाइल कर्मचाऱ्याच्या मालकीचा असेल, तर कचेरीने त्याच्या घरगुती गोष्टींत डोकवावे काय? मुळीच नाही. यासाठी अनेक मोबाइलमध्ये दोन कप्पे करण्याची सोय असते. एक कचेरीचा, दुसरा खाजगी. कचेरीने आपल्या कप्प्यापुरतीच सत्ता चालवावी आणि आपण काय पाहतो व काय पुसू शकतो, हे कर्मचाऱ्यास आधीच स्पष्ट सांगावे. दार राखण्याचा अधिकार म्हणजे घर धुंडाळण्याचा अधिकार नव्हे.

‘इतकी वर्षे चाकरी केली, तरी माझ्यावर विश्वास नाही काय?’ असे एखाद्यास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी निष्णात वैद्यालाही हात धुवावे लागतात. त्यात त्याचा अपमान नसतो; रोग्याची काळजी असते. कचेरीच्या टपालातही कोणाचा आजार, कोणाचे वेतन, कोणाची तक्रार लिहिलेली असते. त्या अपरिचित माणसांची अब्रू त्या यंत्राच्या स्वाधीन असते. म्हणून हा नियम शिपायापासून वरिष्ठ अधिकाऱ्यापर्यंत सर्वांना सारखाच लागू असावा. कारण एकासाठी सोडलेली फट चोराला पुरेशी होते.

घरातील मोबाइल दुरुस्तीची सूचना देतो, तेव्हा ‘उद्या पाहू’ म्हणून आपण ती दूर सारतो. त्या वेळी मार्च आणि मे यांमधील त्या दोन महिन्यांची आठवण ठेवावी.