बाळाच्या नाकातली वस्ती आणि न्यूमोनियाची लस

“लस टोचली तरी पोराला शेंबूड आलाच, मग उपयोग काय?” हा प्रश्न बचत गटाच्या बैठकीत आम्ही नेहमी ऐकतो. आज त्याबद्दलच बोलू.

आपल्या नाकात आणि घशात असंख्य जिवाणूंची वस्ती असते. बहुतेक कुणाला त्रास देत नाहीत. त्यातलाच एक न्यूमोकोकस. लहान मुलांच्या नाकात तो बऱ्याचदा गुपचूप राहतो. पण कानात शिरला तर कान फुटतो, छातीत उतरला तर न्यूमोनिया होतो, मेंदूच्या आवरणापर्यंत गेला तर जिवावर बेतते. पोर खोकले, शिंकले की तो घरातल्या आजीपर्यंतही पोहोचतो.

या जिवाणूचे शंभराच्या आसपास प्रकार आहेत. पीसीव्ही ही लस त्यातल्या जास्त घातक प्रकारांसाठी आहे. ती आजार तर टाळतेच, शिवाय त्या प्रकारांना नाकात सहजासहजी मुक्काम करू देत नाही. अमेरिकेत २००० साली ही लस बाळांना देऊ लागले, आणि लस न घेतलेल्या म्हाताऱ्या माणसांचेही गंभीर आजार कमी झाले.

पण एक तण उपटले की मोकळ्या जागी दुसरे उगवते. नाकातही लसीत नसलेले प्रकार ती जागा घेतात. तिथे एक प्रकार असाच वाढला, म्हणून २०१० मध्ये तेरा प्रकारांवरची लस आणली. तरीही लहान मुलांचे गंभीर आजार पहिल्यापेक्षा पुष्कळ कमीच राहिले.

म्हणजे शेंबूड येणारच. साधी सर्दी विषाणूंमुळे होते, ती थांबवणे हे या लसीचे काम नाही.

आपल्या देशात ही लस २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ पासून सगळीकडे सरकारी लसीकरणात मोफत मिळते. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने असे तीन डोस असतात. नऊ महिन्यांचा डोस संरक्षण टिकवतो. पेरणीला किंवा ऊसतोडीला जाताना तोच राहून जातो. कार्ड सोबत ठेवा, जिथे असाल तिथल्या आशाताईंना दाखवा.

आणि लस झाली असली तरी बाळाचा श्वास जोरजोरात चालला, छाती आत ओढली जाऊ लागली, तर घरी थांबू नका. लगेच दवाखाना गाठा.