पतनशील वस्तूचा प्रवेग

गतिमान वस्तूच्या वेगात एकक काळात होणाऱ्या बदलास प्रवेग (त्वरण) म्हणतात. वस्तूवर कार्य करणारी एकूण प्रेरणा (बल) व वस्तूचे वस्तुमान ही दोन्ही स्थिर असतील, तर प्रवेग स्थिर राहतो. निर्वातात थोड्या उंचीवरून पडणाऱ्या वस्तूच्या बाबतीत ही अट जवळजवळ पूर्ण होते; हवेतून किंवा फार उंचावरून पडणाऱ्या वस्तूच्या बाबतीत ती पूर्ण होत नाही.

उतरत्या फळीवरून गोळे घरंगळत सोडून गॅलिलीओ यांनी असे दाखविले की, लागोपाठच्या समान कालखंडांत गोळ्याने आक्रमिलेली अंतरे १ : ३ : ५ : ७ या प्रमाणात असतात, म्हणजेच प्रवेग स्थिर असतो. हे विवेचन त्यांच्या १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आढळते. निर्वातात हा प्रवेग वस्तुमानावर अवलंबून नसतो. दुप्पट वस्तुमानाच्या वस्तूवर गुरुत्वाकर्षणाची प्रेरणा दुप्पट असते. परंतु तेवढाच प्रवेग निर्माण करण्यास प्रेरणाही दुप्पटच लागते. अपोलो-१५ मोहिमेत २ ऑगस्ट १९७१ रोजी डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा व पीस एकाच वेळी सोडले, तेव्हा ती दोन्ही बरोबरच खाली पोहोचली.

पृथ्वीवरही गुरुत्वीय प्रवेग सर्वत्र सारखा नाही. समुद्रसपाटीस तो विषुववृत्तावर सु. ९·७८ मी./से.², तर ध्रुवांवर सु. ९·८३ मी./से.² असतो. पृथ्वीचे परिवलन (स्वतःभोवतीचे फिरणे) व तिचा ध्रुवांजवळील चपटेपणा ही याची कारणे होत. उंचीनुसार तो घटत जातो व ४०० किमी. उंचीवर सु. ८·७ मी./से.² भरतो.

हवेतून पडताना याहून मोठा फरक पडतो. वेग वाढतो तसा हवेचा रोधही वाढतो व प्रवेग कमी होत जातो. रोध वजनाइतका झाला की, प्रवेग शून्य होऊन वस्तू स्थिर वेगाने पडू लागते. या वेगास अंतिम वेग म्हणतात. २ मिमी. व्यासाच्या पावसाच्या थेंबाचा अंतिम वेग दर सेकंदास सु. ६·५ मी. असतो. हवेचा रोध नसता, तर २ किमी. उंचीवरून पडणारा थेंब दर सेकंदास सु. २०० मी. वेगाने जमिनीवर आदळला असता.

पडणाऱ्या वस्तूचा वेग कमीही होऊ शकतो. १४ ऑक्टोबर २०१२ रोजी फेलिक्स बाउमगार्टनर यांनी सु. ३९ किमी. उंचीवरून उडी घेतली. विरळ हवेत त्यांचा वेग ताशी १,३५७ किमी.पर्यंत वाढला, परंतु खालच्या दाट हवेत रोध वजनापेक्षा अधिक झाल्याने हवाई छत्री उघडण्यापूर्वीच तो बराच घटला. त्या वेळी त्यांची गती अधोमुख, तर प्रवेग ऊर्ध्वमुख होता. म्हणून स्थिर प्रवेगाची सूत्रे वापरण्यापूर्वी हवेचा रोध व उंचीतील बदल उपेक्षणीय आहेत की नाहीत, हे पाहणे आवश्यक असते.