कातीव लाकडी पात्रे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लेथवर फिरणाऱ्या लाकडाला हातातील हत्याराने आकार देऊन घडवलेल्या पात्रांना अमेरिकेत विसाव्या शतकात कलावस्तूचा दर्जा मिळाला आणि जेम्स प्रेस्टिनी (१९०८-१९९३) यांचे पातळ भिंतींचे वाडगे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात पोहोचले. तरीही या कलेविषयीचे काही समज आजही टिकून आहेत.

गैरसमज : खरे काम यंत्रच करते.
वस्तुस्थिती : लेथ फक्त लाकूड फिरवते, पात्राचा बाक आणि भिंतीची जाडी कातणाऱ्याचा हात ठरवतो. डेव्हिड एल्सवर्थ यांनी १९७० च्या दशकात वाकवलेली हत्यारे लहानशा तोंडातून आत घालून पोकळ पात्रे कातली. अशा कामात धार नजरेआड असल्यामुळे लाकडाचा आवाज आणि हाताला जाणवणारी थरथर यांवरच भिस्त ठेवावी लागते.

गैरसमज : लाकूड पूर्ण वाळल्याशिवाय कातता येत नाही.
वस्तुस्थिती : ओले लाकूड कातायला सोपे असते, अडचण पुढे येते. वाळताना लाकूड वर्षवलयांच्या रेषेत जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याकडून सालीकडे आकसते, त्यामुळे गोल वाडगा लंबगोल होतो. म्हणून भिंत व्यासाच्या सुमारे एक दशांश जाड ठेवून पात्र काही महिने वाळवतात व पुन्हा कातून गोल करतात, किंवा ते प्रथमच पातळ कातून त्याला येणारा बाक रचनेचा भाग म्हणून स्वीकारतात.

गैरसमज : काळ्या रेषा आणि डाग हा दोष आहे.
वस्तुस्थिती : पडलेल्या ओंडक्यात शिरलेल्या बुरशीच्या वसाहती एकमेकींना भिडतात, तेथे बहुधा अशा रेषा उमटतात. मेल्विन आणि मार्क लिंडक्विस्ट या पितापुत्रांनी असे लाकूड मुद्दाम निवडले. मात्र कुजणे फार पुढे गेले असल्यास लाकूड भुसभुशीत होऊन हत्याराखाली तुटते, म्हणून ओंडका योग्य वेळी उचलणे हेही कौशल्यच ठरते.

गैरसमज : लाकूड दुर्मीळ, तरच पात्र मौल्यवान.
वस्तुस्थिती : अटलांटाचे वास्तुविशारद एड मोल्थ्रोप यांनी परिसरातील ट्यूलिप पॉप्लरसारख्या झाडांपासून भव्य पात्रे घडवली आणि ती तडकू नयेत म्हणून ओले लाकूड पॉलिएथिलीन ग्लायकॉल या रसायनाच्या द्रावणात मुरवले. संग्राहकाने म्हणूनच लाकडाच्या नावाआधी तोंडापासून बुडापर्यंतची रेषा, भिंतीच्या जाडीतील सारखेपणा आणि बुडाची सफाई पाहावी, कारण कातणाऱ्याचा निर्णय व हात तेथे स्पष्ट दिसतो.