गेटपासून पोर्चपर्यंत : खर्च जमिनीखाली करा
घर बांधताना – लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण स्लॅबवरच्या पाण्याची वाट ठरवली. आज तेच पाणी जिथे उतरतं, त्या घरापुढच्या जागेकडे वळू. गेटपासून पोर्चपर्यंतची ही पट्टी. रोज मोटारसायकल, अधूनमधून पिकअप आणि कांद्याच्या दिवसांत भरलेली ट्रॉली हिच्यावरूनच जाते.

आपल्या कळवणकडे या कामाचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. रंगकाम उरकलं, वास्तुशांत तोंडावर आली, की पेव्हरवाल्याला फोन जातो. तोवर हात आखडलेला असतो. मग मातीवर दोन इंच कच पसरून वर लाल-पिवळे पेव्हर बसवले जातात. उन्हाळाभर अंगण देखणं दिसतं. एक पावसाळा गेला की ट्रॉलीच्या चाकांखाली चाकोऱ्या पडतात, त्यांत पाणी साचतं आणि कडेचे पेव्हर सुटू लागतात. दोष पेव्हरला दिला जातो. खरं दुखणं त्याच्या खाली असतं. पेव्हर चाकाचा भार खालच्या थरांवर पसरवतो. ते थर खचले की तोही खचतो.

म्हणून पहिली चौकशी मातीची करा. गिरणा खोऱ्यात काही अंतरावर जमीन बदलते. नदीकाठी खोल काळी, डोंगराकडे मुरमाड, बरड. बरड जमिनीवर घर असेल तर अर्धी काळजी मिटली. काळी माती मात्र पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वर काहीही टाकलं तरी ती दरवर्षी ते उचलते आणि सोडते.

ती किती फुगते, हे पाहण्याची प्रयोगशाळेतली पद्धत अगदी साधी आहे. वाळलेली, बारीक चाळलेली १० ग्रॅम माती मापाच्या दोन काचनळ्यांत घेतात. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल भरतात. ढवळून हवेचे बुडबुडे काढतात आणि नळ्या २४ तास स्थिर ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलमध्ये ती १० मिलिलिटरच्या खुणेवर बसली आणि पाण्यात १५ वर गेली, तर फुगवटा ५० टक्के. याहून जास्त फुगणारी माती रस्त्याच्या भरावातही चालत नाही. आपल्या अंगणाखालीही ती ठेवू नये.

दुसरी चौकशी वजनाची. अंगणात येणारं सगळ्यात जड वाहन कोणतं, हे आधी ठरवा. पेव्हरचं भारतीय मानक, आयएस १५६५८, २००६ साली आलं. त्यात हलक्या रहदारीसाठी एम-३५ दर्जाचा ६० मिलिमीटर जाडीचा पेव्हर सांगितला आहे, मध्यम रहदारीसाठी एम-४० दर्जाचा ८० मिलिमीटरचा. फक्त मोटारगाडी येणार असेल तर ६० पुरतो. वर्षातून चार वेळा का होईना, भरलेला ट्रॅक्टर आत येणार असेल तर ८० घ्या. घेताना रंगाआधी माल कधी ओतला ती तारीख विचारा. पेव्हरची ताकद मोजतात ती २८ दिवसांची. आठवड्यापूर्वीचा माल गाडीत भरून आणू नका.

आता हिशेब करू. समजा पट्टी १२ फूट रुंद आणि ५० फूट लांब आहे, म्हणजे ६०० चौरस फूट. काळ्या मातीवर ट्रॅक्टरसाठी खालून वर असे थर धरा : ६ इंच मुरूम, ६ इंच खडी आणि दगडी चुऱ्याचं मिश्रण, दीड इंच कच, वर ८० मिलिमीटरचा पेव्हर. एकूण खोदाई साधारण साडेसोळा इंच. दाबलेला सहा इंची थर ३०० घनफूट, म्हणजे ३ ब्रास भरतो. पण सुटा मुरूम पाणी मारून दाबला की बसतो, म्हणून ४ ब्रास मागवा. खडीचंही तसंच. कच एक ब्रास पुरे. मुरूम एकदम सहा इंच ओतून वरून रोलर फिरवला तर तळ पोकळच राहतो. तीन-तीन इंचांचे दोन थर करा आणि प्रत्येक थर वेगळा दाबून घ्या. हे काम चालू असताना घरातलं कुणीतरी तिथे उभं राहिलंच पाहिजे, कारण वर पेव्हर बसल्यावर खाली काय झालं ते कुणालाच दिसत नाही. निघालेली काळी माती सव्वाआठ ब्रासच्या वर भरेल. ती रस्त्याकडेला न टाकता बरड शेतात न्या, तिथे तिचं सोनं होईल.

तिसरी गोष्ट पाण्याची. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर एक इंच पाऊस पडला तर सुमारे २,३५० लिटर पाणी उतरतं. त्याचा पाइप अंगणात मोकळा सोडू नका. अंगणाला पन्नासाला एक इतका उतार हवा. तो गेटकडे दिला तर ५० फुटांत एक फूट पातळी पडते, पोर्च तेवढा उंच लागतो. तोच उतार आडवा, कडेच्या नालीकडे दिला तर १२ फुटांत फक्त तीन इंच. बहुतेक घरांना हा आडवा उतारच परवडतो. लेव्हल पाइप लावून तो खोदाईच्या तळालाही द्या, नुसता वरच्या थराला नको. गेटसमोरची गटार बुजवू नका. तिच्यावर उचलता येईल असा झाकणाचा पूल करा.

शेवटी कडा. दोन्ही बाजूंना काँक्रीटमध्ये पक्का बसवलेला कर्ब नसेल तर पेव्हर हळूहळू बाहेर सरकतात. चाकांच्या वाटेवर विटेच्या आकाराचे पेव्हर एकमेकांना काटकोनात अडकवून, नागमोडी बसवा. सरळ ओळींपेक्षा ते चाकाचा रेटा चांगला धरतात.

गुहागर-रत्नागिरीकडच्या पाहुण्यांनी सुचवलेला नकाशा इथे जसाच्या तसा उतरवू नका. तिकडे खाली पाणी पिणारा जांभा असतो आणि काळजी शेवाळाची, खाऱ्या हवेने गंजणाऱ्या गेटची. आपली काळजी मातीची आहे.

पैसे कमी पडत असतील तर थर आणि कर्ब यंदा करून घ्या, पेव्हर पुढच्या वर्षी बसवा. दाबलेल्या खडीवर एक पावसाळा गेला तर कुठे पाणी साचतं, कुठे थर दबतो ते उघड दिसेल आणि स्वस्तात दुरुस्त होईल. दिवाळीनंतर खोदाई सुरू करा, म्हणजे उन्हाळ कांदा निघायच्या आत अंगण मोकळं होईल.

पुढील लेखांकात : ठेकेदाराशी करार, मोजमाप आणि पैसे कोणत्या टप्प्यावर द्यावेत.