वजन तेच, बळ मात्र उणे

साठी ओलांडलेल्या अनेक स्त्रियांची तक्रार सारखीच असते. वजन वाढलेले असते, गुडघे कुरकुरतात, जमिनीवरून उठताना हाताचा टेकू लागतो आणि दोन जिने चढले की धाप लागते. दोष वयाला किंवा वजनाला दिला जातो आणि उपाय म्हणून जेवण कमी केले जाते. प्रत्यक्षात पुष्कळदा हे दुखणे दुहेरी असते. अंगावरची चरबी वाढत असते आणि तिच्याआड स्नायू झिजत असतात.

वयाबरोबर होणाऱ्या या स्नायुक्षयाला वैद्यकशास्त्रात 'सार्कोपेनिया' म्हणतात. अमेरिकेतील आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये हे नाव सुचवले. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते आणि चरबी पोटाभोवती साठू लागते. वाढत्या वयात आहारातील प्रथिनांना स्नायूंचा मिळणारा प्रतिसाद मंदावतो. चरबी स्नायूंतही शिरते आणि तिच्यातून दाह वाढवणारी द्रव्ये स्रवतात. दुखते म्हणून हालचाल कमी आणि हालचाल कमी म्हणून स्नायू आणखी दुबळे, असे हे दुष्टचक्र आहे. तोल जाऊन पडणे, खुब्याचे हाड मोडणे आणि दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागणे हे त्याचे परिणाम असू शकतात.

काटा फसवतो

वजनाच्या आकड्यावरून हा विकार ओळखता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले होते. उंचीच्या तुलनेत वजन दाखवणारा निर्देशांक (बीएमआय) दोघांचाही २२.३ होता, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. भारतीय शरीर काट्यावर बेताचे दिसले तरी त्यात चरबी अधिक असू शकते, हे त्यातून स्पष्ट झाले.

घरच्या घरी करता येण्याजोगी एक चाचणी अधिक उपयोगी ठरते. हात छातीशी घडी करून खुर्चीवरून सलग पाच वेळा उठावे आणि बसावे. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार त्यास १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागल्यास तपासणी करून घेणे इष्ट.

उपासाने काय होते?

केवळ आहार तोडून वजन उतरवले, तर चरबीबरोबर स्नायूही जातात. अमेरिकेत ६५ वर्षे व त्यावरील १६० स्थूल व्यक्तींचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वजन घटवताना काहींना चालण्यासारखे व्यायाम, काहींना वजन उचलण्याचे, तर काहींना दोन्ही दिले होते. वजन तिन्ही गटांत सुमारे ९ टक्क्यांनी उतरले; परंतु चरबीविरहित वस्तुमान पहिल्या गटात ५ टक्के, दुसऱ्यात २ टक्के आणि तिसऱ्यात ३ टक्के घटले. रोजची चाल हितकारक असली तरी ती एकटी पुरत नाही, हाच याचा अर्थ.

डबा एकटा पुरेसा नाही

मग प्रथिनांच्या पावडरीचे काय? बोस्टन येथे वृद्धाश्रमातील १०० अशक्त वृद्धांवर झालेला प्रयोग १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ८७ होते. वजनाचे व्यायाम करणाऱ्यांची ताकद १० आठवड्यांत दुपटीहून अधिक झाली. ज्यांना नुसते पूरक पेय दिले, त्यांच्या ताकदीत फरक पडला नाही. पेय घेऊन व्यायामही करणाऱ्यांचाच एकूण आहार वाढला.

स्नायुक्षय आणि स्थूलता या दोन्हींनी ग्रासलेल्या सत्तरीपुढील १३९ जपानी स्त्रियांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिने आठवड्यातून दोनदा व्यायाम, जोडीला अमिनो आम्ले आणि चहातील कॅटेचिन घेणाऱ्या गटात चरबी घटण्याची शक्यता केवळ आरोग्यशिक्षण मिळालेल्या गटाच्या चौपटीहून अधिक दिसली. मात्र स्नायूंचे वस्तुमान तेवढ्या अवधीत वाढले नाही. पूरकांची मर्यादा येथे स्पष्ट होते.

ड जीवनसत्त्वाबाबतही अतिरेक टाळावा. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढील स्त्रियांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिटची मात्रा दिली, तेव्हा त्यांचे पडण्याचे प्रमाण उलट वाढले, असे २०१० मध्ये आढळले. रक्ततपासणी आणि वैद्यकीय सल्ल्यावाचून साठ हजार युनिटच्या पुड्या घेत राहणे म्हणूनच योग्य नव्हे.

काय करावे?

ज्येष्ठांनी वजनाच्या प्रत्येक किलोमागे दररोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१३ मध्ये सुचवले. साठ किलो वजनाच्या स्त्रीला ही गरज ६० ते ७२ ग्रॅम इतकी पडते. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७ ग्रॅम आणि वाटीभर घट्ट वरणात तेवढीच प्रथिने मिळतात. चहा-पोह्यांच्या न्याहारीत ती फारच थोडी असतात. न्याहारीत दही, अंडे किंवा मोड आलेली कडधान्ये, तर जेवणात डाळ, पनीर, सोयाबीन किंवा मासे यांना स्थान दिल्यास पावडरीची गरज सहसा भासत नाही. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र प्रथिने डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत.

व्यायामासाठी महागडी साधने लागत नाहीत. खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून जोर, ओट्याचा आधार घेऊन टाचा उचलणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे असे प्रकार आठवड्यातून किमान दोन दिवस करावेत. सोपे वाटू लागले की भार थोडा वाढवावा. रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी आधी तपासणी करून घ्यावी आणि भार उचलताना श्वास रोखू नये.

वजन दोन किलोंनी उतरले की नाही, यापेक्षा आधाराविना उठता येते की नाही, हा प्रश्न या वयात अधिक मोलाचा आहे. बोस्टनमधील वृद्धांचा अनुभव पाहता, त्याचे उत्तर बदलण्यास सत्तरी किंवा ऐंशीही आड येत नाही.