सीटी स्कॅनमध्ये दिसलेली गुठळी खरंच शिरेत असते का?

रिपोर्टमध्ये लिहून येतं, ‘पोटातल्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता’. घरच्यांची झोप उडते. पुढच्या तपासणीत मात्र तीच शीर अगदी मोकळी निघते! मशीन बिघडलेलं नसतं. गडबड असते वेळेची, तीही मिनिटभराची.

लिव्हरला दोन बाजूंनी रक्त मिळतं. साधारण 75 टक्के रक्त आतडी आणि प्लीहेकडून पोर्टल व्हेनमधून येतं, उरलेलं धमनीतून. हे सगळं रक्त पुढे हेपॅटिक शिरांवाटे आयव्हीसी या शरीरातल्या सर्वांत मोठ्या शिरेत उतरतं आणि हृदयाकडे जातं.

साध्या सीटीत वाहतं रक्त आणि गुठळी यात फारसा फरक दिसत नाही. म्हणून हाताच्या शिरेतून आयोडीन असलेला कॉन्ट्रास्ट देतात. तो जिथे पोहोचतो ती शीर पांढरी दिसते, गुठळी काळपट राहते.

घोळ इथेच आहे. कॉन्ट्रास्ट सगळीकडे एकदम पोहोचत नाही. धमन्या साधारण 30 सेकंदांत उजळतात, पोर्टल व्हेन 60 ते 70 सेकंदांत. नेहमीचा स्कॅन याच सुमारास होतो. तोवर किडनीतून परतणाऱ्या रक्तात कॉन्ट्रास्ट आलेला असतो, पायांकडून येणाऱ्या रक्तात नाही. आयव्हीसीत दोन्ही एकत्र येतात, पण लगेच मिसळत नाहीत. चहात दूध ओतलं आणि ढवळलंच नाही तर कसं दिसतं, तसंच. त्यातला काळा पट्टा गुठळीसारखा भासतो.

बड-कियारी सिंड्रोममध्ये हे आणखी अवघड होतं. या आजारात लिव्हरमधून रक्त बाहेर नेणारा मार्गच अडतो. रक्त रेंगाळतं, कॉन्ट्रास्ट उशिरा पोहोचतो आणि उघडी शीरही बंद वाटू शकते. आपल्याकडे या आजारात आयव्हीसीतला अडथळा पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळतो. तो अनेकदा फुगा किंवा स्टेंट घालून उघडता येतो, त्यामुळे खरा अडथळा नजरेतून सुटणं महागात पडतं. उलट खोट्या गुठळीसाठी रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली तर? अशा रुग्णांच्या अन्ननलिकेतल्या शिरा अनेकदा फुगलेल्या असतात. त्यातून रक्तस्राव झाला तर जिवावर बेतू शकतं.

मग उपाय काय? सगळ्यात सोपा म्हणजे थांबणं. दोन-तीन मिनिटांनी आणखी एक स्कॅन घेतला की रक्त मिसळलेलं असतं. खोटी गुठळी गायब होते, खरी तिथेच राहते. यात रेडिएशन वाढतं, म्हणून तो सरसकट सगळ्यांचा करत नाहीत.

दुसरा उपाय एक्स-रेची ताकद कमी करणं. नेहमीच्या 120 ऐवजी 80 किंवा 100 किलोव्होल्ट ठेवले की आयोडीन जास्त उजळ दिसतं. किडनी कमजोर असेल तर कमी कॉन्ट्रास्टमध्येही काम भागू शकतं. वजनदार रुग्णांत मात्र चित्र दाणेदार येतं.

तिसरा उपाय ड्युअल-एनर्जी सीटी. यात दोन ऊर्जांच्या एक्स-रेमधून आयोडीनचा वेगळा नकाशा मिळतो. गुठळी साध्या रक्ताची आहे की कॅन्सर शिरेत शिरलाय, हे ओळखायलाही तो मदत करतो. कारण कॅन्सरच्या गुठळीला स्वतःचा रक्तपुरवठा असतो, ती आयोडीन घेते.

अर्थात पहिली तपासणी बहुतेकदा डॉप्लर सोनोग्राफीच असते. सीटीची वेळ आली तर आधीचे रिपोर्ट सोबत न्यावेत आणि लिव्हरच्या शिरांचा आजार आहे किंवा तशी शंका आहे, हे टेक्निशियनला सांगावं. फॉर्मवर नुसतं ‘पोटदुखी’ लिहिलेलं असेल, तर स्कॅन नेहमीच्या 70 सेकंदांवरच होण्याची शक्यता जास्त.