जोडधंदा कोळ्यांच्या घरात आधीपासूनच आहे

जुहू चौपाटीवर फिरायला येणाऱ्या कितीजणांना ठाऊक असतं की जुहू कोळीवाडा आणि मोरागाव इथून आजही होड्या समुद्रात जातात? ज्यांना ठाऊक असतं त्यांचं मत बहुधा ठरलेलं असतं: मासळी कमी झाली, तेव्हा कोळ्यांना दुसरा धंदा शिकवावा आणि होड्या कायमच्या वर ओढाव्यात. कोळ्यांचं घर एकाच धंद्यावर चालतं, अशी समजूत या मतामागे आहे आणि तीच चुकीची आहे. नाखवा मासळी आणतो, पण तिचा पैसा होतो किनाऱ्यावर, बहुतेक बायकांच्या हातून. ताजी मासळी विकणं, कोलंबी सोलून सोडे करणं, जवळा वाळवणं, बोंबील टांगणं ही सगळी त्यांची कामं. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकतात. ना खिळा, ना सुतळी. ताजा बोंबील म्हणजे जवळजवळ पाणीच, बर्फाशिवाय दिवसभरही धड राहत नाही. सुकला की मात्र महिनोन्‌महिने विकता येतो. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या 61 दिवसांत हेच सुकं कामी येतं. (तेव्हा पुरुष रिकामे बसतात, हाही गैरसमजच, जाळ्यांची आणि होड्यांची डागडुजी याच दिवसांत उरकतात.)

मासळी घटली, हे खोटं नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदींत महाराष्ट्राची मासळी 2018 मध्ये 2.95 लाख टन होती, ती 2019 मध्ये 2.01 लाख टनांवर आली. 45 वर्षांतला नीचांक. पण त्याच वर्षी अरबी समुद्रात ‘क्यार’ आणि ‘महा’ ही वादळं लागोपाठ आली आणि ऐन हंगामात होड्या किनाऱ्याला अडकून पडल्या. अशा दिवसांत डोक्यावरच्या कर्जापायी जीव धोक्यात घालून समुद्रात जावं लागू नये, हा जोडउत्पन्नाचा खरा उपयोग. जोडउत्पन्नामुळे मासेमारी आपोआप घटेल, ही आशा मात्र भाबडी आहे, कारण हातात आलेला जादा पैसा नव्या जाळ्यात किंवा मोठ्या इंजिनातही जातो. मासे वाचवायचे उपाय वेगळे आहेत. अख्खा थवा वेढून ओढणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्याने 2016 मध्ये निर्बंध घातले, ते नीट पाळले जायला हवेत.

राहिला प्रश्न कोणता जोडधंदा, याचा. राज्याची कांदळवन उपजीविका योजना खेकडे आणि कालवांच्या पालनाला अनुदान देते. योजना चांगली आहे, पण तिला खाडी आणि कांदळवन लागतं. जुहूच्या उघड्या, वाळूच्या किनाऱ्यावर ती जशीच्या तशी कशी चालेल? इथे चालेल ते हातात आहे तेच: स्वच्छ ओट्यांवर वाळवलेली, नीट बांधून विकलेली सुकी मासळी आणि शेजारच्या वेसाव्याच्या सी-फूड महोत्सवात महिला रांधून विकतात तसं जेवण. यावर आक्षेप येतो की मुंबईतल्या एवढ्या मोलाच्या जमिनीवर बोंबील कशाला वाळवायचे? वाळवणाची जागा हा कोळणीचा कारखाना आहे, आणि कारखाना काढून घेऊन प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हातात देण्याला मदत म्हणता येत नाही. पोरं शिकून नोकरीला लागतात, तीही खुशाल लागोत. पण ती त्यांची निवड असावी, जागा गेल्यामुळे आलेली पाळी नसावी. 2011 च्या किनारा नियमन अधिसूचनेने मुंबईतल्या मच्छीमार वस्त्या नकाशावर आणायला सांगितलं होतं. ही आखणी घरांच्या भिंतींपाशी थांबता कामा नये. वाळवणाचं आणि होड्या ओढण्याचं मैदान तिच्यात धरलंच पाहिजे.